पोरगं धडा म्हणतं, वाचत नाही!



युनियनच्या वर्गणीसाठी आम्ही एका रविवारी चाळीत फिरत होतो. एका साचेवाल्याच्या घरी चहाला बसलो. त्याचा पोरगा तिसरीत. बापाने अभिमानाने हाक मारली, "बाळ्या, सायबांस्नी कविता वाचून दाव." पोराने पुस्तक उघडले, ओळीवर बोट ठेवले आणि कविता घडाघडा म्हटली. आम्ही खूश. मग सहज त्याचे बोट उचलून मधल्या एका शब्दावर ठेवले आणि विचारले, "हे काय रे?" पोरगं आढ्याकडे बघाया लागलं. दुसरा शब्द विचारला, तरी तेच. न शिकवलेल्या धड्याचं पान उघडलं, तर डोळ्यांत पाणी.

बाप म्हणाला, "आवो, काल तर समदी वाचली की!"

आम्ही म्हणालो, "वाचली न्हाई भाऊ, म्हटली."

बापाने हात उगारला. तो आम्ही धरला. मारायचेच तर कुणाला, हे आधी ठरवू या. त्यासाठीच हे चार शब्द.

हे एका घरचे रडगाणे नाही. 'असर' नावाची पाहणी खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावते. २०२४ सालच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले निघाली अवघी २७.१ टक्के. सरकारी शाळांत तर २३.४ टक्केच. शंभरातली सत्तरहून जास्त पोरं तिसरीत बसून दुसरीचं वाचू शकत नाहीत! साच्यावर शंभरातले सत्तर धागे तुटले तर मालक खाते बंद करून इंजिनीयर बोलावील. इथे पोरांचे धागे तुटतात, आणि वर्ग पुढे ढकलला जातो.

कुणी शहाणे म्हणतात, "कामगारांची पोरं, डोकंच नाही त्यांना." वा रे शहाणे! हेच पोरगं शाळेत पाऊल टाकण्याआधी आईची भाषा आपसूक शिकलं. बापाच्या पाळ्या त्याला पाठ, दुकानदाराची उधारी पाठ, खात्यातल्या माणसांची नावं पाठ. बारा भानगडी ज्या डोक्यात मावतात, त्यात चार अक्षरे मावत नाहीत काय? मावतात. पण ती घालायची रीत चुकते, आणि घालायला माणूस जागेवर नसतो.

आधी रीतीचे बघू. आम्ही स्वतः चौथी शिकलेले. आम्हांला अक्षर शिकवले ते ओरडून. क, का, कि, की असा वर्गभर गजर. व्यंजने चौतीस धरली तर बाराखडीची रूपे होतात चारशेच्या वर. पोर ती सुरात म्हणते, पण मधलेच 'कु' फळ्यावर काढले की अडते, कारण त्याला सूर येतो, खूण येत नाही. त्यात आपल्या लिपीचे खाचखळगे. 'घ' आणि 'ध' जुळे भाऊ, 'भ' आणि 'म' तसेच. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची मागाहून. 'र' तर बहुरूपी, कधी डोक्यावर, कधी पायाशी. हे सारे एकदम अंगावर टाकले तर पोरगं घाबरणार नाही तर काय करील?

आपल्या खात्यात नवा हात आला तर जॉबर काय करतो? सहा महिने त्याला साच्याच्या भागांची नावे घोकायला लावतो काय? नाही. थोडी बाजू देतो, तुटलेला धागा दाखवतो आणि म्हणतो, "सांध." सांधता सांधता तो साचा शिकतो. वाचनाचेही असेच आहे. पाच अक्षरे घ्या: क, म, र, ल, न. एक काना घ्या. एवढ्यात काय काय होते बघा: काम, माल, नाक, कान, रान, मका, मामा, काका. आणि पुरे वाक्यसुद्धा: "काका, काम कर." आठ दिवसांत पोराच्या हाती अर्थ लागतो. अर्थ लागला की गोडी लागते, गोडी लागली की पुढची पाच अक्षरे ते स्वतः मागते. बाराखडीशी आमचे वैर नाही. ती जरूर शिकवा, पण शब्दाच्या जोडीने, अर्थाच्या जोडीने.

त्याच्याही आधी कान तयार व्हायला हवा. 'काम' आणि 'कान' यांत काय बदललं, 'मका'तलं पहिलं अक्षर कोणतं, हे तोंडी खेळात कळायला हवं. आपल्या आयाबायांचे उखाणे, ओव्या, पोरांच्या भेंड्या हे सगळं कानाचंच शिक्षण. ते आपल्या घरात फुकट आहे, आणि आपण त्याला अडाणीपणा समजतो! ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरिबाच्या पोराच्या अंगणात, त्याच्या हाताशी असलेल्या वस्तूंतून शिक्षण उभे करता येते, हे त्यांनी करून दाखवले. मग आज गाडं अडतं कुठं?

अडतं ते माणसावर. पोर अक्षर जुळवत वाचते तेव्हा ओळीच्या शेवटाला येईतो सुरुवात विसरते. ही अडखळ जायला रोज वाचायला लागते आणि ते ऐकणारा कुणी लागतो. शिक्षण हक्काचा कायदा झाला २००९ साली. प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक, असे त्यात धरले आहे. शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसऱ्या कामाला जुंपू नये, असेही कलम आहे. कागदावर सोन्याचे अक्षर! प्रत्यक्षात एकाच गुरुजींच्या पुढ्यात दोन-दोन इयत्ता बसलेल्या आणि हातात भरायचे तक्ते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एका माणसाला दुप्पट साचे दिले की सूत तुटतं, हे आम्हांला कुणी शिकवायला नको. गुरुजी आमचे शत्रू नाहीत. तेही आमच्यासारखेच कामाच्या बोजाखाली दबलेले आहेत.

सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' जाहीर केले. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असा संकल्प सोडला. संकल्प चांगला. पण मंडळी, याच महाराष्ट्रात एप्रिल २०२५ मध्ये काय झाले? पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची, असा हुकूम निघाला. आईच्या भाषेतले 'काम' ज्याला जुळवता येत नाही, त्याच्या डोक्यावर तीन भाषांचे गाठोडे! जनता खवळली आणि २९ जूनला हुकूम मागे घ्यावा लागला. हिंदीचे आम्हांला वावडे नाही, हिंदी बोलणारे कामगार आमचे भाऊ आहेत. पण पाया भरल्याशिवाय माडी चढवायची हे कसले गवंडीकाम?

आता थोडे आपल्याही कानाला लावून घेऊ. पोटाला चिमटा काढून पोराला इंग्रजी शाळेत घालणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांचे दुःख आम्हांला कळते. बाप खात्यात साहेबापुढे मान खाली घालतो, पोराने घालू नये, एवढीच त्याची इच्छा. पण घरात इंग्रजीचा एक शब्द नाही. पोर पाठ करते, समजत काहीच नाही. वाचायची कला एकदाच शिकावी लागते आणि ती आईच्या बोलीत लवकर येते. ती पक्की झाली की इंग्रजी जरूर शिकवा, चांगली शिकवा. इंग्रजीला आमचा विरोध नाही, पोपटपंचीला आहे.

बंधूंनो, हा झगडा आजचा नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला ठणकावून सांगितले की पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण मात्र वरच्यांना, हा अन्याय आहे; प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते सक्तीचे आणि मोफत केले. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली आणि १८९० साली आपल्याला रविवारची सुट्टी मिळवून दिली. मराठी राज्यासाठी शंभराहून जास्त जण हुतात्मे झाले, त्यांत कामगार होते. १ मे १९६० ला राज्य आले. त्या राज्यात मराठी पोराला मराठी पाटी वाचता येत नसेल, तर त्या रक्ताला आपण काय तोंड दाखवणार?

मुंबईचे भोंगे थांबले. पण सोलापूर, इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव इथे अजून कापड निघते आणि अजून पोरं वाढतात. म्हणून आमच्या मागण्या ऐका:

१. पहिली ते तिसरीच्या प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक द्या. रिकाम्या जागा भरा.

२. गुरुजींना कायद्याबाहेरच्या कामाला जुंपू नका.

३. रोज एक तास फक्त वाचनाचा. त्या तासाला मुलांचे गट इयत्तेवर नव्हे, वाचता किती येते त्यावर पाडा. मागे पडलेल्याला तिथूनच उचला.

४. प्रत्येक वर्गात गोष्टींची पुस्तके ठेवा, कपाटात कुलपात नव्हे, पोरांच्या हातात.

या मागण्या सरकारकडे. आणि एक मागणी तुमच्याकडे. लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या रविवारातला एक तास द्या. चाळीच्या ओट्यावर पोरं बसवा. ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचून दाखवावे. ज्याला येत नाही त्याने पोराला म्हणावे, "वाच बाळा, मी ऐकतो." अडाणी बापालासुद्धा ऐकता येते. अडखळलं तर थांबा, धपाटा घालू नका.

त्या साचेवाल्याच्या घरी आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. पाच अक्षरे नेली होती. पोराने जमिनीवर खडूने लिहिले, 'काम'. बापाने विचारले, "काय लिवलंस?" पोरगं म्हणालं, "तुमी रोज जाताय ते." दोघे हसले. मग बापाने खडू मागितला.

गुरुजी मिळालेच पाहिजेत! पुस्तके मिळालीच पाहिजेत!
कामगाराचं पोरगं वाचलंच पाहिजे!