आधी खांदेमळणी, मग झूल

मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी परगावी गेली की घरातील शिवणयंत्रावर आच्छादन पडते. ज्या यंत्रावर एके काळी बाळंतविड्यातील झबली, टोपरी, कुंच्या शिवल्या गेल्या, त्याच्यावर पुढे वर्तमानपत्रांची रद्दी साठू लागते. अलीकडे मात्र काही घरांत हे यंत्र पुन्हा चालू झालेले दिसते. निमित्त असते घरात आलेल्या कुत्र्याचे. त्याच्या गळ्यातील तिकोनी रुमाल, पट्ट्यावर बसणारा बो, दिवाळीसाठी खणाच्या कापडाची पट्टी अशी लहानसहान लेणी उरलेल्या कापडातून तयार होतात आणि त्यांची छायाचित्रे दूरदेशीच्या नातवंडांपर्यंत पोहोचतात. या हौसेत वेळेचा सदुपयोग आहे, चिंध्यांचा विनियोग आहे आणि मायेला मिळालेली वाटही आहे. तथापि एक प्रश्न उरतोच. हे लेणे नेमके कोणासाठी शिवले जाते?

प्राण्याला सजविणे महाराष्ट्राला नवे नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. जू वाहून घट्टे पडलेले त्याचे खांदे शेकले जातात, त्यांना हळद आणि तूप चोळले जाते. दुसऱ्या दिवशी त्याला अंघोळ घालतात, जुवापासून सुट्टी देतात. त्यानंतर शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ आणि पाठीवर झूल येते. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी त्याचा दुखरा खांदा, मग आपली हौस. नेपाळमध्ये तिहार सणाच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडील नरक चतुर्दशीच्या सुमारास, ‘कुकुर तिहार’ साजरा होतो. त्या दिवशी कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि त्याला आवडीचे खाऊ घालतात. रस्त्यावरचे कुत्रेही या मानाला मुकत नाहीत. हिमालयातील मेंढपाळ तर आपल्या राखणदार कुत्र्याच्या गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचा पट्टा बांधतात, कारण बिबट्या भक्ष्याचा गळाच धरतो. तेथे पट्टा हा आधी कवच असतो, नंतर दागिना.

घरातील शिवणकामाला हाच क्रम लावून पाहिला पाहिजे. कुत्र्याचे शरीर माणसासारखे नाही, हे कात्री हातात घेण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येऊन तो थंड होत नाही. घामाच्या ग्रंथी त्याला मुख्यतः पंजांच्या तळव्यांना असतात आणि उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा खरा मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. त्यामुळे वैशाखात पाठीवर चढविलेला अस्तराचा, जरीचा अंगरखा त्याला शोभेपेक्षा शिक्षाच अधिक ठरतो. रंगाचेही तसेच आहे. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो, पण लाल आणि हिरव्यात त्याला फारसा फरक दिसत नाही. त्याच्यासाठी हौसेने निवडलेला लालभडक बो त्याच्या लेखी मळकट तपकिरीच असतो. ध्वनी मात्र त्याला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक ऐकू येतो. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ, तर कुत्र्याची सुमारे ४५,००० हर्ट्झ. गळ्यात दिवसभर वाजणारे घुंगरू घरच्यांना गोड वाटले, तरी त्याच्या कानांना ती अखंड कटकट असू शकते.

या सर्व कसोट्यांना उतरणारे आणि नवशिक्यालाही जमणारे लेणे म्हणजे पट्ट्यात ओवायचा रुमाल. बाजारात याला बंडाना म्हणतात. तो गळ्याला गाठ मारून बांधावा लागत नाही, पट्ट्यावरच सरकतो आणि क्षणात निघतो. त्यासाठी मऊ सुती कापड घ्यावे. जुनी धुवट चादर किंवा सदऱ्याची पाठ नव्या कापडापेक्षा सरस, कारण तिचे आटणे आणि रंग जाणे आधीच होऊन गेलेले असते. कापड नवे असल्यास ते प्रथम पाण्यातून काढावे. कुत्रा ते चाटणार, चावणार, हे गृहीतच धरावे.

गळ्याचा घेर ४० सेंटिमीटर आणि पट्ट्याची रुंदी अडीच सेंटिमीटर असल्यास कापडाचे दोन सारखे तुकडे कापावेत. वरची बाजू ३० सेंटिमीटर, एकूण उंची २६ सेंटिमीटर. दोन्ही कडा वरून ९ सेंटिमीटरपर्यंत सरळ आणि तेथून तिरक्या होत खाली टोकाला मिळतात. दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू आतल्या अंगाला ठेवून एक सेंटिमीटर शिलाई सोडत सभोवार टीप घालावी. एका तिरक्या कडेवर तीन बोटांची फट मात्र मोकळी ठेवावी. त्या फटीतून रुमाल उलटवून इस्त्री करावी, फट आत दुमडून कडेने पुन्हा एक टीप मारावी. शेवटी वरचा चार सेंटिमीटर भाग मागे दुमडून त्याच्या खालच्या काठावर टीप घातली की पट्टा ओवण्याचा बोगदा तयार होतो. रुमालाची तयार रुंदी २८ सेंटिमीटर भरते, म्हणून पट्ट्याचे बक्कल आणि कडी दोन्ही मोकळी राहतात. ९० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडातून ५२ सेंटिमीटर लांबी घेतली, तर सहा तुकडे, म्हणजे दुपदरी तीन रुमाल निघतात. धाग्याची रीळ तर घरात असतेच.

पट्टा चामड्याचाच हवा, असेही नाही. सुती किंवा नायलॉनच्या घट्ट विणीच्या नवारीचा पट्टा मजबूत असतो, धुता येतो आणि भिजला तरी कडक होत नाही. तो बांधल्यावर पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत. रुमालावर नाव विणण्याऐवजी मालकाचा दूरध्वनी क्रमांक भरतकामात काढला, तर शोभेला उपयोगाची जोड मिळते. फटाक्यांच्या आवाजाने बिथरून घराबाहेर पळालेल्या कुत्र्याला तो क्रमांक परत घरी आणू शकतो.

काय लावू नये, हे काय लावावे यापेक्षा महत्त्वाचे आहे. टिकल्या, मणी, आरसे, सुटी बटणे आणि लोंबते गोंडे यांना पूर्ण फाटा द्यावा. यांतील प्रत्येक वस्तू तोंडात जाऊ शकते. सर्वांत घातक म्हणजे लांब दोरा किंवा फीत. ती गिळली गेल्यास तिचे एक टोक वर अडकते आणि आतडे नाडीवर जमा झालेल्या परकरासारखे चुण्या होऊन गोळा होते. प्रसंगी शस्त्रक्रियेवाचून प्राण वाचत नाहीत. तोंडातून अथवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो कधीही ओढू नये, तडक पशुवैद्याकडे जावे. शिवण संपल्यावर जमिनीवरची सुई आणि दोऱ्याचे तुकडे मोजून उचलावेत. ही सवय बाळाच्या घरात असते, तशीच कुत्र्याच्या घरातही हवी. दोन कुत्रे खेळत असताना रुमाल उतरवावा, कारण एकाचा दात दुसऱ्याच्या गळ्यातील कापडात अडकतो. रात्री निजतानाही तो काढावा आणि त्या निमित्ताने मानेवरून हात फिरवावा. रुमालाखाली गोचीड लपतात, ओलसर कातडी लाल होते आणि शोभेच्या आड हे दिवसेंदिवस दिसत नाही.

एवढे करूनही अखेरचा निर्णय त्याचाच असतो. कुत्रा नाही म्हणतो, फक्त शब्दांनी म्हणत नाही. रुमाल घातल्यावर तो जागच्या जागी थिजला, पुन्हा पुन्हा जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, कान मागे पाडून नजर चुकवू लागला किंवा मान जमिनीवर घासू लागला, तर त्याला ते नको आहे. अशा वेळी ‘होईल सवय’ म्हणून छायाचित्र संपेपर्यंत त्याला धरून ठेवणे हा मायेचा प्रकार नव्हे. पहिल्या दिवशी रुमाल केवळ हुंगू द्यावा, दुसऱ्या दिवशी दोन मिनिटे घालावा, खाऊ द्यावा आणि काढावा. तो शेपूट हलवत स्वतः पुढे आला, तर शिवण सार्थकी लागली. नाही आला, तर तो रुमाल उशीच्या अभ्र्यावर ठिगळ म्हणून लावावा. तेथेही तो शोभून दिसेल. कान झाकणाऱ्या टोप्या आणि शेपटीवरच्या फिती मात्र मुळातच टाळाव्यात. कान आणि शेपूट हीच त्याची भाषा आहे, ती बांधली तर त्याने सांगावे कसे?

उरलेल्या चिंध्यांत आणखी एक काम दडलेले असते. रात्री वाहनाखाली सापडणारे कुत्रे बहुधा अंधारात चालकाला दिसलेलेच नसतात. यासाठी काही शहरांत प्राणिमित्र रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या गळ्यात प्रकाश परावर्तित करणारे पट्टे घालतात. रुंद, ताणला जाणारा पट्टा आणि त्यावर परावर्तक फीत, एवढीच ती शिलाई. तो पूर्ण वाढलेल्या, ओळखीच्या आणि रोज नजरेस पडणाऱ्या कुत्र्यालाच घालावा. वाढत्या पिल्लाच्या मानेत तोच पट्टा काही महिन्यांत रुतून जखम करतो. दाराशी भाकरीच्या आशेने उभा राहणारा तो कुत्रा कोणाच्या छायाचित्रात येत नाही. पण घरातल्या कुत्र्यासाठी तीन रुमाल शिवून झाल्यावर, यंत्रावर पुन्हा आच्छादन टाकण्यापूर्वी, त्याच्यासाठी एक पट्टा शिवायला अर्धा तास पुरतो.