वालाचे वाण, वालाचे वारस

दिल्लीत सरोजिनी नगरच्या भाजीबाजारात हिवाळ्यात वालाच्या शेंगा मिळतात. चपट्या, हिरव्या, जवळपास एकसारख्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी मात्र वालाचे कितीतरी गावठी वाण राखले आहेत. कुणाची शेंग रुंद, कुणाची जांभळट कडेची. फूल कुठे पांढरे, कुठे जांभळे. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

हे वैविध्य कामाचे आहे. वालाचे बरेचसे जुने वाण दिवस लहान होऊ लागले की फुलतात, म्हणून भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कोकणात वाल साधतो. दिवसमानाची पर्वा न करणारे बुटके वाण पैदासकारांना मिळाले, तेही याच वैविध्यातून.

दिल्लीतच पुसा परिसरातली राष्ट्रीय जनुक बँक उणे 18 अंशांवर बियाणे जपते. ते हवेच. पण बदलत्या पावसाशी, नव्या किडीशी जुळवून घेते ते दरवर्षी पेरलेले बी. ते पेरणाऱ्या बायकांना सत्कारासोबत नियमित मानधनही मिळाले पाहिजे, आणि ते कृषी खात्याच्या अंदाजपत्रकातून मिळाले पाहिजे.