गुळगुळीत गिअर नॉब राहू द्या की!

जुनी स्पोर्ट्स कार म्हटलं की आपण लगेच इंजिनावर गप्पा मारतो. पण गाडीचं वय कळतं ते आत बसल्यावर. माझदा एमएक्स-५ घ्या. १९८९ सालची ही दोन सीटांची जपानी गाडी आपल्याकडे अधिकृतपणे विकली गेली नाही, पण रेसिंग गेम खेळणाऱ्यांना ती पाठ असते. गाडी इतकी बुटकी, की चढता-उतरताना दरवेळी सीटची दाराकडची कड दबते. तिथलं कापड विरतं, फोम बसतो. कापडी टपाची मागची खिडकी प्लॅस्टिकची. ती उन्हाने धुरकट होते, घडी चुकली की तडकते.

अशी गाडी हाती आली की आपल्या वयाची पोरं आधी काय बदलतात? स्टिअरिंग! का, तर रीलमध्ये भारी दिसतं. अहो, मूळ स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर ती जाते ना त्याच्यासोबत!

माझं म्हणणं, पहिला खर्च टपावर करा. पाणी आत झिरपलं की कार्पेट कुजतं, खालचा पत्रा गंजतो. मग सीटचा फोम. पार्ट मात्र मूळ मापाचेच हवेत, आणि ते मिळायला कंपनीने बनवायला हवेत. माझदाने २०१७ मध्ये जपानात या पहिल्या पिढीच्या गाडीसाठी रिस्टोरेशन सेवा जाहीर केली, टपासारखे पार्ट पुन्हा बनवले. बाकीच्या कंपन्यांना काय अडचण आहे?

त्या यादीत गिअर नॉबही होता. पण जुना नॉब नुसताच हाताने गुळगुळीत झाला असेल, तर मी तरी तो बदलणार नाही.