दात काढणे फुकट, दात बसविणे मात्र चैन!

माणसाचे शरीर कोठे संपते आणि चैन कोठे सुरू होते, हे ठरविण्याचा अधिकार आता आरोग्यविम्याच्या कलमांनी आपल्याकडे घेतला आहे. त्या कलमांच्या हिशेबी हृदय शरीरात आहे, मूत्रपिंड शरीरात आहे; दात मात्र शरीराबाहेरचे! ज्या अवयवावाचून घास गिळता येत नाही, तोच शोभेची वस्तू ठरतो. ही व्याख्या वैद्यकशास्त्राने केलेली नाही. ती हप्ते गोळा करणाऱ्यांच्या सोयीची आहे.

करमाळा हा ज्वारीच्या भाकरीवर जगणारा तालुका. उजनीच्या पाण्याने त्याच्या एका कडेला ऊस आणला, पण शेतमजुराच्या शिदोरीतली कडक भाकरी काही बदलली नाही. या मजुराची दाढ किडली तर सरकारी रुग्णालयात ती काढून मिळते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले आहेत. पण मागे उरणाऱ्या रिकाम्या जागेचे काय? शेजारचे दात तिच्याकडे कलतात, समोरचा दात तिच्यात उतरतो, चावणे एकाच बाजूला सरकते. यावरचा एक उपाय म्हणजे ब्रिज. दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर टोप्या, म्हणजे क्राऊन, चढवावयाचे आणि त्यांच्या आधाराने मधला कृत्रिम दात बसवावयाचा. त्यामुळे गेलेला दात एक असला तरी बिल तीन युनिटांचे होते. आणि ते होते खासगी दवाखान्यात. कारण तालुक्याच्या सरकारी दंतविभागाची मजल बहुधा दात भरणे आणि काढणे एवढीच असते.

आता या बिलाचे पैसे विम्यातून मिळविण्याचा कोणी प्रयत्न करून पाहावा. बहुसंख्य पॉलिसींत दंतोपचाराचा खर्च मिळतो तो अपघात झाला तर, आणि त्यातही रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर. ब्रिज खुर्चीवर बसून दोन-तीन खेपांत होतो. त्यासाठी कोणी खाटेवर निजत नाही. म्हणजे अटच अशी घातली आहे की, उपचाराच्या स्वरूपामुळे ती पुरी होऊ नये. ज्यांनी जादा हप्ता भरून बाह्यरुग्ण दंतोपचाराचे कलम घेतले आहे, त्यांच्यापुढे कागदांची चळत उभी राहते: दातांचे क्रमांक घातलेले तपशीलवार बिल, उपचारापूर्वीचे व नंतरचे एक्स-रे, दात केव्हा व कशाने गेला याची नोंद, दंतवैद्याचा नोंदणी क्रमांक, पैसे भरल्याची पावती. कचेरीतला पगारदार हे सारे जमवू शकतो. हंगामभर घर सोडून फडात राहणाऱ्या ऊसतोड कामगाराने कित्येक वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेचा पुरावा कोठून आणावा?

सरकारी योजनांनी ही उणीव भरून काढली आहे, असेही नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढले. पण मुखरोगांत तिचा भर आहे तो जबड्याच्या अस्थिभंगासारख्या शस्त्रक्रियांवर. जबडा मोडला तर शासन धावते, जबड्यातले दात गेले तर तोंड फिरवते! १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने केवळ साखर बनविणारे कारखाने हंगामी म्हणून वगळले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही त्यांना बाहेरच ठेवले. उसाच्या तालुक्यातील श्रमिकाला मग उरते काय?

विमा कंपन्यांचा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या भाषेत येतो, आणि तो नीट ऐकला पाहिजे. विमा अनिश्चित जोखमीचा असतो. दात किडणे ही जवळजवळ निश्चित गोष्ट. ज्यांना लगेच गरज आहे तेच असा विमा घेतील आणि हप्ता फुगत जाईल. युक्तिवाद खोटा नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. जी गरज बहुतेक प्रत्येकाला पडणार, ती विम्याच्या बाजारावर सोडताच कामा नये. ती करांतून चालणाऱ्या सार्वजनिक सेवेची बाब आहे. नुसती मालकी बदलूनही हे साधत नाही. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये अमलात आले, तरी सरकारी कंपन्यांनी १९८६ मध्ये आणलेली मेडिक्लेम रुग्णालयाच्या खाटेलाच बांधलेली राहिली.

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा कवळ्यासुद्धा मोफत मिळत. १९५१ मध्ये मजूर पक्षाच्याच सरकारने कवळ्या आणि चष्मे यांवर आकार बसविण्याचे ठरविले, तेव्हा त्या सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. दातांसाठी मंत्रिपद सोडणारा नेता हास्यास्पद वाटत असेल, तर तो ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांना! आपल्याकडे भोर समितीनेही १९४६ मध्ये हेच तत्त्व मांडले होते की, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये.

करमाळ्यातील कार्यकर्त्यांनी मागणी नेमकी करावी. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात क्राऊन व ब्रिज बसविण्याची सोय हवी आणि ते तयार करणारी सार्वजनिक प्रयोगशाळा जिल्ह्यात हवी. ती उभी राहीपर्यंत फुले योजनेच्या यादीत या उपचाराला स्थान मिळावे. दात काढताना त्याचा क्रमांक व कारण केसपेपरवर लिहून त्याची प्रत रुग्णाच्या हाती द्यावी, आणि मूळ नोंद रुग्णालयाने जपावी. या शेवटच्या मागणीला तर एक पैसाही लागत नाही. तेवढीही मान्य होत नसेल, तर अडचण पैशाची आहे हे सांगणे शासनाने बंद करावे.