दार आतून लावू नका!

डिसेंबर उजाडला की विदर्भातून आणि खानदेशातून मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या भरून वाहू लागतात. नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, प्रत्येक स्थानकावर पांढऱ्या लुगड्यातल्या आयाबाया, खांद्यावर निळा झेंडा घेतलेली पोरे, फडक्यात बांधलेली भाकर-चटणी आणि काखेत गुंडाळलेली सतरंजी. साऱ्यांना ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पोचायचे असते. या गर्दीबद्दल नाके मुरडणारे दरवर्षी तेच रडगाणे गातात. त्यांना उत्तर देऊन आम्ही थकलो आहोत. आज आम्हाला बोलायचे आहे ते आपल्याच माणसांशी.

गेल्या डिसेंबरच्या ४ तारखेला आम्ही सहकुटुंब नागपूरहून निघालो. सोबत पत्नी, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या मातोश्री. स्लीपरची चार तिकिटे नक्की झाली होती, पाचवे आरएसीत अडकले होते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, त्यामुळे मातोश्रींचेही पूर्ण भाडे भरले होते. समोरच्या बर्थवर एक सुशिक्षित कुटुंब होते. सरकारी नोकरीतले गृहस्थ, शिक्षिका पत्नी, दोन चुणचुणीत मुले. वर्ध्यापर्यंत ओळख झाली, जयभीम झाला, डबे उघडले, एकमेकांच्या भाज्या वाटून खाल्ल्या. मुलांच्या शाळा, बदल्या, घराचे हप्ते, समाजाची अवस्था अशा गप्पा रंगल्या.

बडनेऱ्याला गाडी थांबली आणि फलाटावरून माणसांचा लोंढा डब्याकडे धावला. ते गृहस्थ चटकन उठले, दाराकडे गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. बाहेरून थापा पडू लागल्या. कोणी काचेवर हात आपटत होते, कोणी “भाऊ, उघडा ना, उभे राहून येतो” म्हणून विनवीत होते. गृहस्थ परत येऊन बसले आणि म्हणाले, “पैसे मोजून रिझर्वेशन केलंय. ही गर्दी आत शिरली तर लेकरं झोपतील कशी?” डब्यातल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. आम्हीही काही बोललो नाही, हे आम्ही लपवणार नाही. दिवसभराचा शीण होता आणि आमचीही लेकरे झोपायची होती. गाडी सुटली. खिडकीशी एक म्हातारी हातातली पिशवी छातीशी धरून उभी होती, ती मागे पडत गेली.

तेवढ्यात आमच्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, “बाबा, ते पण चैत्यभूमीलाच चालले होते ना? मग त्यांना का नाही घेतलं?” आम्ही म्हणालो, “त्यांचं रिझर्वेशन नव्हतं.” उत्तर नियमाला धरून होते, पण ते देताना जीभ अडखळली. मातोश्री तोवर गप्प होत्या. मूर्तिजापूर जवळ आले तेव्हा त्या नातवाला म्हणाल्या, “बाबू, चाल माह्यासंगं. दार उघडू. आपल्याच मानसायले बाहेर ठेवतेत काय?” आजी-नातू दाराशी गेले आणि त्यांनी कडी काढली. तीन बाया आणि एक आजोबा आत आले. मातोश्रींनी आपल्या बर्थवर त्यातल्या दोघींना बसवून घेतले आणि पहाटेपर्यंत तिघीजणी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. समोरचे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांनाही झोप लागली नसावी.

आम्हाला त्या गृहस्थांवर आगपाखड करायची नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी आम्ही होतो, वाचकहो, कदाचित तुम्हीही असाल. म्हणूनच हा प्रसंग येथे मांडावा लागतो आहे.

त्या रात्री झोप येईना तेव्हा आम्हाला राहून राहून मसूरचे स्थानक आठवत होते. साल १९०१. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे भाऊ आणि मोठ्या बहिणीची मुले सुट्टीत रामजीबाबांना भेटायला साताऱ्याहून रेल्वेने निघाली. अंगावर नवे कपडे होते, मनात आनंद मावत नव्हता. मसूरला उतरली तर न्यायला कोणी आलेले नव्हते. पोरांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. पोरांनी भाबडेपणाने जात सांगितली आणि त्या माणसाचा चेहराच पालटला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. जवळ जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही. भुकेल्या पोटी लेकरांनी ती रात्र रस्त्यात काढली. बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतःच लिहून ठेवली आहे.

रेल्वेचा डबा जात विचारत नव्हता. लोखंडी रुळांवरून धावणाऱ्या त्या यंत्राला सोवळे-ओवळे ठाऊक नव्हते. पण डब्यातून उतरताच फलाटावर माणूस उभा होता आणि त्याला मात्र सारे ठाऊक होते. म्हणून आम्ही म्हणतो की दार यंत्राने उघडत नाही. ते माणसाने उघडावे लागते आणि माणूसच ते लावतो.

याच मार्गावर पुढे मनमाड लागते. तिथे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथेच ठणकावून सांगितले. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील नोकऱ्यांचा जो हिशेब मांडला तो आपण विसरतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य काढी, पण त्याला साधे पोर्टरही करीत नसत. कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरची कामे करायची अशी वहिवाट होती आणि अस्पृश्य घरात कसा चालेल? रूळ त्याने सांभाळायचे आणि गाडीत मानाची जागा दुसऱ्याची, असा तो कारभार होता. आज आपली मुले तिकीट तपासनीस आहेत, स्टेशनमास्तर आहेत, इंजिन चालवतात. हे आपोआप झालेले नाही. मनमाडसारख्या परिषदांनी आणि बाबासाहेबांच्या संविधानाने ते घडले.

आता रिझर्वेशनच्या शब्दावर येऊ. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास मुभा देणारा निकाल दिला. त्या निकालात आपल्याच अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी रेल्वेच्या जनरल डब्याची उपमा वापरली. बाहेर असलेला आत शिरण्यासाठी धडपडतो आणि एकदा आत शिरला की इतरांना अडवण्यासाठी जिवाचे रान करतो, असा त्या उपमेचा आशय होता. पुढे मे २०२५ मध्ये महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांच्या सुनावणीत न्यायमूर्ती सूर्य कांत यांनीही आरक्षणासाठी रेल्वेच्या डब्याचाच दाखला दिला. उपवर्गीकरण योग्य की अयोग्य हा वेगळा आणि गंभीर वाद आहे, तो दोन ओळींत संपणारा नाही. पण या उपमेत एक प्रश्न राहून जातो. गाडीला डबे किती जोडायचे, हे ठरवतो कोण?

डबे पुरेसे असते तर दाराशी झुंबड उडाली नसती. आत बसलेला आणि बाहेर लोंबकळणारा एकमेकांचे वैरी झाले नसते. रेल्वेतील साफसफाई, डब्यातील चादरी-उशा, अशी कित्येक कामे आज कंत्राटदाराकडे आहेत. पहाटे कल्याणच्या आसपास आमच्या डब्यात झाडू घेऊन जो पोरगा आला तो कंत्राटावरचाच होता. कंत्राटात ना आरक्षण, ना नोकरीची शाश्वती. म्हणजे एकीकडे कायमच्या नोकऱ्यांचे डबे तोडायचे आणि दुसरीकडे उरलेल्या डब्यात कोण कुणाला ढकलतो याची चर्चा करायची, असा हा न्याय आहे. ज्याला बर्थचे आरक्षण आपला जन्मसिद्ध हक्क वाटतो, तोच शिक्षणातील आरक्षणाला भीक म्हणतो, हे तर आपण रोजच ऐकतो.

आणि खऱ्या गाडीचे तरी काय चालले आहे? एक काळ असा होता की कोकणचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या. गरिबाचीही पाठ असते, हे कुणीतरी ओळखले. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई ते हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली ती पहिल्या वर्गाचा डबाच नसलेली. तीही याच नागपूरच्या मार्गाने धावते. आज उलटी गंगा वाहते आहे. अनेक गाड्यांचे स्लीपर डबे कमी करून तिथे वातानुकूलित डबे जोडले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर-पुणे वंदे भारत सुरू झाली, तिच्यात साधा डबा एकही नाही. शेतमजूर बाईने मुंबईला जायचे ते कोणत्या डब्यातून? स्लीपरच्या एका डब्यात ७२, नव्या बनावटीच्या डब्यात ८० माणसे झोपतात. असा एक डबा कमी झाला की तेवढी माणसे जनरल डब्याच्या पायरीवर येतात.

गर्दी काय फक्त आमचीच असते? २०२५ च्या महाकुंभात प्रयागराजकडे जाणाऱ्या गाड्यांच्या आरक्षित डब्यांत विनाआरक्षण माणसे शिरली, काही ठिकाणी काचा फुटल्या. त्याला श्रद्धा म्हटले गेले. आमच्या म्हातारीने पायरीवर पाय ठेवला की तिला ‘फुकटे’ ही शिवी मिळते. हा दुजाभाव आम्ही मान्य करणार नाही. मात्र हेही सांगतो की आपल्यातले सगळेच तिकीट काढतात असा दावा आम्ही करणार नाही. ज्यांना परवडते त्यांनी तिकीट काढलेच पाहिजे. दुसऱ्याच्या बर्थवर जबरीने पसरू नये, डबा घाण करू नये. बाबासाहेबांना अभिवादन करायला जाणारा माणूस शिस्तीने ओळखू आला पाहिजे. ज्याला तिकीट परवडत नाही त्याचे तिकीट काढून देणे ही विहाराची, मंडळाची आणि नोकरदारांची जबाबदारी आहे. डीजेवर उधळला जाणारा पैसा तिकडे वळवा, एकेका वस्तीची तिकिटे निघतील.

मध्य रेल्वे दरवर्षी महापरिनिर्वाण दिनासाठी नागपूरकडून अनारक्षित विशेष गाड्या सोडते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांचे वेळापत्रक खेड्यापाड्यांत पोचेल इतके आधी जाहीर व्हावे. गाड्या वाढाव्यात, नेहमीच्या गाड्यांना त्या चार दिवसांसाठी जादा साधे डबे जोडावेत, परतीच्या प्रवासाचीही तेवढीच सोय असावी. वाटेतल्या स्थानकांवर पाण्याची व्यवस्था असावी. आपले खासदार आणि रेल्वेतील कर्मचारी संघटना यांनी नोव्हेंबरची वाट न पाहता आतापासून याचा पाठपुरावा करावा. डब्यांची मागणी ही लढाई आहे आणि ती रेल्वेशीच लढली पाहिजे, फलाटावरच्या म्हातारीशी नव्हे.

राहिला प्रश्न आपल्या दाराचा. नियमाने स्लीपरमध्ये आरक्षण नसलेल्याला जागा नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. रात्री दहा ते सकाळी सहा झोपेची वेळ असते, हेही ठाऊक आहे. पण वर्षातून एका रात्री गुडघे थोडे जवळ घेतले तर एक आजी बसते, एक लेकुरवाळी टेकते. त्यात आपला बर्थ जात नाही. आपल्याला तो बर्थ ज्यांच्या लढ्यामुळे मिळाला, त्यांचीच ही माणसे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर पोचलेल्या लाखोंपैकी किती जणांकडे आरक्षित तिकीट होते?

दादरला उतरताना मूर्तिजापूरच्या त्या आजींनी आमच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पदराच्या गाठीतले दहा रुपये त्याच्या मुठीत कोंबले. आम्ही नको म्हणत असताना कोंबले. समोरच्या गृहस्थांनी ते पाहिले. त्यांनी खाली वाकून त्या आजींचे गाठोडे उचलले आणि पुलापर्यंत नेऊन दिले. माणूस बदलतो, यावर तर आपला सारा धम्म उभा आहे.

येत्या डिसेंबरला पुन्हा गाड्या भरतील. पुन्हा बडनेऱ्याला, अकोल्याला दारावर थापा पडतील. बांधवांनो, तुमचा हात कडीवर असेल तेव्हा शेजारी बसलेल्या आपल्या लेकराकडे एकदा पाहा. मसूरच्या स्थानकावर अशीच लेकरे उभी होती. दार आतून लावू नका!

जयभीम!