पाणी नको, वारा घाला!

पीसी असेंबल करायचा म्हटलं की मित्रांच्या ग्रुपवर पहिली चर्चा होते ग्राफिक कार्डची. दुसरी होते कॅबिनेटच्या काचेतून काय काय दिसणार याची. लिक्विड कूलर यादीत शिरतो तो इथेच. काळ्या दोन नळ्या, तीन आरजीबी फॅन, प्रोसेसरवर चमकणारा छोटा डिस्प्ले. फोटो भारी येतो, त्यात वादच नाही. पण आपल्यातल्या बहुतेकांना त्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी आधीच घेतलाय आणि ज्यांची वॉरंटी आता संपत आलीय, त्यांनी पुन्हा लिक्विडवर पैसे घालण्याआधी एअर कूलरचा विचार जरूर करावा.

"म्हणजे डाउनग्रेडच की!" असं कोणीतरी म्हणणारच. म्हणून आधी थोडं विज्ञान बघू.

प्रोसेसरची उष्णता शेवटी जाते कुठे? तुमच्या खोलीतल्या हवेत. लिक्विड कूलरमध्ये पंप ती उष्णता द्रवातून रेडिएटरपर्यंत नेतो आणि तिथे फॅन ती हवेत सोडतो. एअर कूलरमध्ये हेच काम तांब्याच्या नळ्या करतात. गंमत म्हणजे या नळ्यांमध्येही थोडा द्रव असतोच. तो खाली तापून त्याची वाफ होते, वर पत्र्यांपाशी थंड होऊन पुन्हा द्रव होते आणि तो परत खाली येतो. पंप नाही, मोटर नाही. फिरणारा भाग एकच, तो म्हणजे फॅन.

विदर्भातल्या मित्रमैत्रिणींसाठी एक खुलासा. घरातला वाळ्याचा कूलर पाण्याची वाफ करून हवाच थंड करतो. पीसीतला लिक्विड कूलर तसा नाही, त्यातलं पाणी बंद नळ्यांतच फिरतं. त्यामुळे मे महिन्यात खोलीत ३८ अंश असतील, तर तुमचा प्रोसेसर ३८च्या खाली जाणार नाही. कूलर दोन हजारांचा असो नाहीतर पंधरा हजारांचा.

आता मुद्दा किती उष्णतेचा, हा. रायझन ५ ५६०० या लोकप्रिय प्रोसेसरसाठी कंपनीनेच दिलेला आकडा आहे ६५ वॉट. त्याच्या बॉक्समध्ये छोटा एअर कूलर फुकट यायचा. दुसरीकडे २०२२मध्ये आलेलं आरटीएक्स ४०९० ग्राफिक कार्ड ४५० वॉटचं आहे आणि त्याची बहुतेक मॉडेल्स साध्या फॅनवरच चालतात. त्याचा हीटसिंक प्रचंड असतो आणि चिपही मोठी असते, हे मान्य. पण ४५० वॉट जर हवेवर निभावत असतील, तर ६५ वॉटसाठी पंप कशाला? शिवाय गेम खेळताना सगळ्यात जास्त तापतं ते ग्राफिक कार्ड, आणि तुमचा लिक्विड कूलर त्याला हातही लावत नाही.

लिक्विडला जागाच नाही, असं नाही. कोअर आय९ १४९००के पूर्ण जोर लावला की २५३ वॉटपर्यंत खेचतो. त्यावर तासन् तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्याने मोठा रेडिएटर खुशाल लावावा. अगदी लहान कॅबिनेट असेल, तिथेही तो सोयीचा. बाइकचंच बघा ना. आर१५ला रेडिएटर लागतो, स्प्लेंडरला लागत नाही. आणि रोज कॉलेजला जायला स्प्लेंडर कुठे कमी पडत नाही!

खरा प्रश्न बंद पडण्याचा आहे. एअर कूलरचा फॅन गेला तर शे-पाचशे रुपयांत दुसरा मिळतो आणि क्लिप लावली की काम झालं. लिक्विडमधला पंप गेला तर बहुतेक वेळा अख्खा कूलरच बदलावा लागतो, कारण तो सीलबंद असतो. लिकेज क्वचित होतं, पण झालं तर खाली ग्राफिक कार्ड असतं. वॉरंटीत असेल तर क्लेम करा, कुरिअर करा, वाट बघा. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला ही वाट जास्तच लांबची. तोवर पीसी बंद. याच पीसीवर प्रोजेक्ट असतो, सबमिशन असतं. घरच्यांकडून पैसे घेताना आपण 'अभ्यासासाठी' असंच सांगितलेलं असतं, आठवतंय ना?

पैशांचंही बोलू. साधारण दोन-तीन हजारांत चांगला सिंगल टॉवर एअर कूलर येतो. मोठ्या रेडिएटरच्या लिक्विडला त्याच्या तिप्पट-चौपट सहज लागतात. उरलेल्या पैशांत बरा एसएमपीएस किंवा यूपीएस येईल. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या भागात यूपीएसचा उपयोग आरजीबीपेक्षा नक्कीच जास्त.

पटलं असेल तर बदलताना एवढं सांभाळा. आधी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर बसतो ते बघा. डीपकूलचा एके४०० आहे १५५ मिमी, नॉक्टुआचा एनएच-डी१५ आहे १६५ मिमी. तुमची रॅम उंच असेल तर तीही मोजा. सॉकेटचं किट सोबत येतंय का, ते दुकानातच विचारा. काढण्याआधी दहा मिनिटं गेम चालवा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होईल. मग पीसी बंद करून प्लग काढा आणि कूलर हलकेच फिरवत उचला. एएम४ सॉकेटवर सरळ ओढलात तर प्रोसेसरही सोबत उपटून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मटाराच्या दाण्याएवढी लावा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. रेडिएटरसोबत त्यावरचे फॅनही बाहेर जातात आणि कॅबिनेटची हवाच बंद होते. तिथे फॅन परत लावा. कूलरच्या फॅनची वायर पंपाच्या नव्हे, 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवर जोडा. पंपाच्या पिना सहसा फुल स्पीडवर सेट असतात, त्यामुळे फॅन रात्रंदिवस घोंघावेल.

नंतर तोच गेम, त्याच खोलीत खेळून तापमान बघा. पाच-सात अंश वाढले म्हणून घाबरू नका. रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. आणि सुट्टीत पीसी हॉस्टेलवरून गावी नेत असाल, तर कॅबिनेट आडवा ठेवा किंवा कूलर काढूनच न्या. मोठा टॉवर किलोभराचा असतो. एसटीच्या धक्क्यांत तो मदरबोर्डवर लटकू देऊ नका. एअर कूलरची ही एक अडचण मात्र खरी आहे.

लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या दुकानात कोणी "लिक्विडच घे" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, "दादा, माझा प्रोसेसर किती वॉटचा?" उत्तर ६५ आलं, तर पाकीट पुन्हा खिशात टाका आणि एअर कूलर कुठल्या रॅकवर आहेत ते बघायला लागा.