दुसरी ओळ

दिवाळी अंकात दुःखाचा विषय काढू नये, असा एक अलिखित संकेत आहे. संपादक तसे तोंडाने म्हणत नाहीत. पण लेखाची आठवण करून देताना 'काहीतरी खुसखुशीत येऊ द्या' असे बजावतात, आणि चकलीकडून व लेखाकडून त्यांची अपेक्षा एकच आहे हे आपल्याला कळून चुकते. तरीही मला वाटते, दिवाळीत गेलेल्या माणसांची जितकी आठवण येते तितकी दुसऱ्या कोणत्याही सणाला येत नाही. वर्षाच्या आत माणूस गेलेल्या घरी सण नसतो. तिथे कढई चढत नाही, दारात कंदील लागत नाही. शेजारीपाजारी फराळाचे ताट नेऊन देतात, चार शब्द बोलतात आणि अवघडून उठतात. अशा घराच्या पोटाची सोय आपल्या लोकांनी अशी पूर्वापार करून ठेवली आहे. गळ्याची सोयही एके काळी केलेली होती. आज त्या दुसऱ्या सोयीविषयी थोडे बोलायचे आहे.

'संगीत हे औषध आहे' हे वाक्य हल्ली वरचेवर कानांवर पडते. माझे एक स्नेही आहेत. त्यांच्या मोबाइलमध्ये रागांची एक यादीच आहे. रक्तदाबाला एक राग, निद्रानाशाला दुसरा आणि पित्ताला तिसरा! रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटे ते डोळे मिटून राग 'घेतात'. गुण येतो का, असे विचारले की म्हणतात, "झोप छान लागते." आता, माझ्या तासाला पुष्कळ विद्यार्थ्यांना छान झोप लागते, पण तेवढ्यावरून मराठीच्या प्राध्यापकाला अजून कोणी वैद्य म्हटलेले नाही.

चेष्टा राहू द्या. गाणे ऐकून मन निवते, हे कोण नाकारील? पण ज्याच्या काळजाला खरोखरीच घाव बसला आहे, त्याच्या बाबतीत कोणता राग ऐकावा हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. गायचे कोणी, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडच्या बायकांनी त्याचे उत्तर फार जुन्या काळी देऊन ठेवले आहे. ज्याचे दुःख त्यानेच गावे. मात्र एकट्याने गाऊ नये.

हे उत्तर म्हणजे ओवी. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात चालुक्य राजा सोमेश्वर याने महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद केली आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी ओवीला ग्रंथात बसवले त्याच्या दीडशे वर्षे आधीपासून ती उखळापाशी बसलेली होती. जनाबाईबरोबर दळायला साक्षात विठ्ठल बसला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भाविकांनी तिचा अर्थ भक्तीच्या अंगाने लावला आणि तो योग्यच आहे. मला त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. दळणाऱ्या बाईच्या समोर, खुंट्याला दुसरा हात लावायला, कोणीतरी लागते. जनीला माणूस मिळाले नाही, म्हणून देव आला.

पहाटेची वेळ. घरातले पुरुष आणि पोरे झोपलेली. दोघी जणी जात्याच्या दोन बाजूंना बसत आणि एकच खुंटा धरीत. एकीने दाण्यांचा घास जात्याच्या तोंडात घालायचा, ओवी उचलायची. दुसरीने ती ओळ झेलायची आणि पुन्हा म्हणायची. जात्याला त्या ईश्वर म्हणत. सासूला सांगता येत नाही, नवऱ्यापुढे काढता येत नाही, माहेर दूर आहे, ते सारे या दगडाच्या ईश्वरापुढे मोकळे होई. त्यातही या बायकांचे शहाणपण असे की, आपले दुःख नेहमी आपल्याच नावाने मांडावे लागत नाही, हे त्यांना ठाऊक होते. सीतेच्या वनवासाच्या ओव्या महाराष्ट्रात अमाप आहेत. नवऱ्याने टाकलेली बाई सीतेचे नाव घेऊन स्वतःचे रडून घेई. ऐकणारीला ते कळे. पण दोघींपैकी कोणीही तसे बोलून दाखवीत नसे.

साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या जमा केल्या, सरोजिनी बाबरांनी आयुष्यभर लोकसाहित्याचे धन गोळा केले. पुढे हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागल्या आणि त्यांतल्या पुष्कळ गाणाऱ्यांच्या स्वतःच्या आवाजात ऐकता येतात. एकेक ओवी ऐकताना प्रथम कानात भरते ती जात्याची घरघर. माझ्यासारखा पुस्तकी मनुष्य शब्दांच्या मागे लागतो. पण त्या घरघरीवाचून ते शब्द अर्धेच आहेत.

हे मला कळले ते माझ्या आत्याकडून. माण तालुक्यातल्या एका गावात ती राहायची. तिचा थोरला मुलगा विहिरीत बुडून गेला होता. आत्या त्याचे नाव घेत नसे आणि दुसऱ्या कोणी घेतलेले तिला खपत नसे. मी सुटीत तिच्याकडे जाई तेव्हा गावात पिठाची गिरणी येऊन पुष्कळ वर्षे झाली होती. घरचे दळण गिरणीतच जाई. तरी पहाटे उठून पायलीभर तरी दाणे आत्या जात्यावर दळायचीच. समोर तिची जाऊ बसे. अंथरुणात पडल्या पडल्या मी ऐके. पंढरीच्या, भावाच्या, पावसाच्या ओव्या होत आणि मग मधेच कधीतरी 'राघू' उडून गेल्याची एखादी ओवी येई. त्या ओवीला आत्याचा आवाज चिरके. जाऊबाई मात्र काहीच झाले नाही अशा स्वरात ती ओळ उचलीत आणि जाते फिरत राही. एकदा माझी आई तिला म्हणाली, "वन्सं, गिरणी आहे ना आता? कशाला हात दुखवून घेता?" आत्या म्हणाली, "पीठ काय, गिरणीतबी मिळतंय, वैनी. पर तितं रांगेत हुबं ऱ्हाऊन गाता येतंय व्हय?"

एवढ्या एका वाक्यात तिने सगळे सांगून टाकले. गिरणीने बायकांचे कष्ट वाचवले, आणि ते वाचायलाच हवे होते. जात्यावर हात झिजवणाऱ्या पिढ्यांविषयी घरबसल्या गहिवर काढणाऱ्यांपैकी मी नव्हे. परंतु कष्टाबरोबर त्यातली बैठकही गेली, आणि तिच्या जागी आपण दुसरे काही आणले नाही.

त्या बैठकीत होते तरी काय? एक तर हातांना काम होते. माणूस रिकाम्या हातांनी दुःखासमोर बसला की दुःख त्याला गिळते. हात एका लयीत फिरत असले म्हणजे मनाला धरायला काठी मिळते. दुसरे, शब्द तयार होते. फार मोठ्या दुःखात माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत. सांत्वनाला आलेले लोक 'बोला, मोकळे व्हा' म्हणतात आणि त्याला तर एक वाक्य धड जुळवता येत नाही. ओवी त्याला उसने शब्द देते आणि ते आपलेसे करायची मुभाही देते. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोठे म्हणजे, समोर दुसरी ओळ म्हणणारे कोणी होते. आपला आवाज फुटला तरी गाणे फुटत नाही, हा भरवसा त्यातून मिळे.

खानदेशातल्या असोद्याची बहिणाबाई चौधरी ऐन तिशीच्या आसपास विधवा झाली. पदरात मुले, डोक्यावर शेतीचा भार आणि अक्षराची ओळख नाही. घरोटे आणि शेत यांच्या सोबतीने ती गात राहिली. मुलगा सोपानदेव याच्यामुळे त्यातले काही कागदावर आले आणि १९५१ साली ती गेल्यावर १९५२ मध्ये त्याचे पुस्तक झाले. आपण तिला थोर कवयित्री म्हणून शिकतो आणि शिकवतो. मला वर्गात नेहमी सांगावेसे वाटते की, तिने प्रथम कविता केली नाही. तिने प्रथम दिवस ढकलला, आणि ढकलताना ती गायली.

याच्या उलट उदाहरण बालगंधर्वांचे. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग ज्या दिवशी झाला त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली; आणि तरी ते रंगभूमीवर उभे राहिले व गायले. त्या निष्ठेपुढे मान लवते. पण ते गाणे प्रेक्षकांसाठी होते. त्यात बापाला जागा नव्हती. गाण्याने दुःख झाकता येते तसे उघडताही येते. घाव भरायचा तर दुसरीच वाट धरली पाहिजे.

ही वाट जात्याबरोबर बुजली असे मला वाटत होते. मग २०२१ चा एप्रिल आला. त्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका बाईंचे यजमान गेले. रुग्णवाहिकेत बसताना त्यांनी हात हलवला तेवढेच शेवटचे दर्शन. घरी आणले नाही, चार माणसे जमली नाहीत, कोणी गळ्यात गळा घालून रडले नाही. बाई रडल्याच नाहीत. भाजी आणत, दूध तापवत, विचारले तर 'ठीक' म्हणत. वर्ष उलटल्यावर इमारतीतल्या भजनी मंडळाच्या बायकांनी त्यांना मंगळवारी आपल्यात बोलावले. त्या म्हणाल्या, "मला गाता येत नाही हो." मंडळातल्या वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, "आम्हांला तरी कुठं येतं? तुम्ही नुसते टाळ धरा."

कित्येक मंगळवार त्यांनी नुसते टाळ धरले. मग ओठ हलू लागले. एके दिवशी अभंगाच्या मध्यावर त्यांचा आवाज उंच गेला, कापला आणि त्या हमसून रडू लागल्या. माझी पत्नी तिथे होती. ती सांगते, कोणीही भजन थांबवले नाही. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि टाळ चालूच ठेवला. ध्रुवपद तीनदा फिरले. चौथ्या वेळी बाईंनी ते स्वतः उचलले. पुढे एकदा मी त्यांना सहज विचारले, "आता बरं वाटतं का?" त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "बरं असं नाही म्हणता येणार. पण मंगळवारची वाट बघते."

आता शास्त्रज्ञही या बाजूला वळले आहेत. गाताना श्वास चटकन आत येतो आणि ओळभर सावकाश बाहेर जातो. लांबलेल्या उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांचे नाते मान्य केले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांचे काही वर्ग सात महिने पाहिले. काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. शेवटी स्नेह सगळीकडेच जमला. पण गाणाऱ्यांचा तो पहिल्या महिन्यातच जमला होता, असे त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. हे वाचून आत्या हसली असती.

मात्र गाण्यावर नको तेवढा भार टाकू नये. मनाचे दुखणे हाताबाहेर गेले तर डॉक्टरच गाठला पाहिजे. तिथे भजन हे मलमपट्टीसुद्धा नव्हे. काहींना एखादे गाणे वर्षानुवर्षे सहन होत नाही, कारण ते गेलेल्या माणसाचे असते. त्यांना बळेच गायला बसवणे ही क्रूरता होय. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ओवीने सासुरवास थांबला नाही. जे सोसायला नको होते तेही सोसण्याचे बळ तिने दिले, आणि काही वेळा माझ्या मनात येते, हे बळ नसते तर ती बाई लवकर उठून उभी राहिली असती का? याचे उत्तर मला देता येत नाही. एवढे मात्र खरे की, मुकी राहिलेली बाई उठून उभी राहिली असती असेही नाही. त्या ओव्यांमुळेच तर तिचे काय झाले ते आज आपल्याला ठाऊक आहे.

तर वाचकहो, यंदा फराळाचे ताट घेऊन अशा एखाद्या घरी जाल तेव्हा लगेच उठू नका. थोडे बसा. उपदेश करू नका, रागांची यादी तर मुळीच देऊ नका. भांडी विसळता विसळता किंवा देवापुढे वात लावताना त्या घरातले कोणी काही गुणगुणू लागले, तर तुमचा गळा कसाही असो, दुसरी ओळ तुम्ही म्हणा.